तिच्या रंगाचं चित्र

बायको गेली त्या आठवड्यात मुलगा फ्रीमाँटहून येताना फोटो तयार करूनच घेऊन आला. विमानात बसल्या बसल्या लॅपटॉपवर त्याने तो नीट केला होता. म्हणजे भाचीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून आईला कापून वेगळं काढलं, मागचा पाण्याचे ग्लास नेणारा माणूस पुसून टाकला आणि चेहरा उजळला. इथे शिकागोजवळ, नेपरव्हिलमध्ये तो मोठा करून घेतला, फ्रेम केला, चंदनाचा हार घातला आणि दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावला. तेराव्याला आलेल्या इथल्या मराठी मंडळाच्या लोकांनी फोटोचं भरपूर कौतुक केलं. "काका, किती प्रसन्न फोटो आहे काकूंचा! काय फ्रेश दिसतायत." एकीच्या तोंडून "किती उजळ" असंही निघालं, आणि मग आपण कुठे आलो आहोत हे लक्षात येऊन ती हातातल्या चहाच्या कपाकडे बघत राहिली.

माझी बायको काळी होती. हे मराठीत लिहिताना हात अडखळतो, कारण आपल्याकडे असं सरळ कुणी म्हणत नाही. सावळी म्हणतात, गव्हाळ म्हणतात, अगदीच इलाज नसला तर "रंग जरा कमी आहे, पण नाकीडोळी नीटस" म्हणतात. लग्न जमवायला काढलेल्या तिच्या फोटोपासूनच ही भानगड सुरू झाली. अमरावतीच्या स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तिला इतकी गोरी केली होती की पाहण्याच्या कार्यक्रमात माझी आई दारातच थबकली आणि परत रिक्षात बसल्यावर म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठे होती?" विठोबा काळा असला तर आईचे हात आपोआप जोडले जायचे, सुनेच्या बाबतीत तिला जरा वेळ लागला. ही गोष्ट बायको स्वतःच चारचौघांत रंगवून सांगायची आणि सगळ्यांच्या आधी हसायची. मी काही त्या हसण्याच्या मागे काय होतं वगैरे सांगणार नाही. मला ते माहीत नाही.

ती गेल्यावर माझं तसं बरं चाललं होतं. जेवत होतो, झोपत होतो, ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो. एकच गोष्ट बिघडली. डोळे मिटून तिला आठवायला गेलो की ती येईना. भिंतीवरची ती उजळ बाई यायची. ओठांवर तेच हासू, गालावर तोच पिठासारखा उजेड. सुरुवातीला मी दुर्लक्ष केलं. मग हिवाळा सरत आला तेव्हा मला चक्क भीती वाटायला लागली, की आणखी काही महिन्यांनी माझ्यापाशी एवढीच उरेल. फोटो काढून ठेवावा तर रिकामी भिंत बघवेना.

मग अल्बम काढले. आमच्या घरात फोटोंना तोटा नाही. पण जुन्या फोटोंमध्ये फ्लॅश आमच्या सगळ्यांच्या तोंडावर पडून आम्ही पांढरेफटक, आणि ती मागच्या रांगेत साडीच्या वर एक काळसर ठिपका. नंतरच्या फोटोंमध्ये ती नाहीच, कारण कॅमेरा तिने स्वतःच्या हातात घेतला होता. फोनचा जमाना आल्यावर ती परत दिसायला लागते, पण फोन मेला आपणहून सगळ्यांना उजळवतो. माझी बायको कशी दिसत होती याचा एकही पुरावा घरात नव्हता. आणि मी हाडाचा रेडिऑलॉजिस्ट. सबंध आयुष्य अंधाऱ्या खोलीत बसून चित्रं वाचण्यात गेलं.

त्याच अंधाऱ्या खोलीत शेजारच्या खुर्चीवर बसणारा माझा एक सहकारी होता. शिकागोच्या साऊथ साइडवर वाढलेला, ब्लॅक, उंच, कमी बोलणारा, माझ्याआधी एक वर्ष रिटायर झालेला. आमच्या घरी तो कितीदा तरी जेवला होता, बायकोच्या हातच्या वांग्याच्या भाजीवर त्याचा फार जीव होता. ती गेली तेव्हा तो मुलीकडे परदेशी होता, म्हणून भेटायला उशिरा आला. कोट काढला, सोफ्याच्या वरच्या फोटोकडे बघितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ही कोण? तिची बहीण का?"

हार बघून त्याच्या लक्षात आलं. तो माफी मागायला लागला. मी म्हटलं, माफी नको मागूस, मी पण रोज हेच विचारतो. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीतून, इथे मराठीत लिहितो आहे.

मग आम्ही बराच वेळ बसलो. त्याने सांगितलं की जुन्या रंगीत फिल्म गोऱ्या चेहऱ्यांवर जुळवून बनवलेल्या असायच्या. गोरा माणूस नीट आला की फोटो नीट आला. "माझ्या शाळेच्या वर्गाच्या फोटोत मी म्हणजे नुसती दातांची ओळ आहे," तो म्हणाला. "पण घरी माझे चांगले फोटो आहेत. आमच्या वस्तीत आमचे फोटोग्राफर होते ना." पुढच्या शनिवारी मोकळा आहेस का, असं विचारून तो गेला. रिटायर झालेल्या माणसाला असं विचारण्याची त्याची पद्धत मला आवडते.

शनिवारी आम्ही दोघे ट्रेनने शिकागोला गेलो. साऊथ साइडला, म्हणजे ब्लॅक लोकांच्या वस्तीत, जातोय हे मंडळातल्या एका मित्राला फोनवर बोललो तर तो म्हणाला, "अरे यार, तिकडे कशाला? दिवसाउजेडी परत ये." हा मित्र इतकी वर्षं शिकागोच्या बाजूला राहतो आणि त्याने तो भाग फक्त एक्स्प्रेसवेवरून, काचा वर करून पाहिला आहे. मी पण त्या दिवसापर्यंत तेवढाच पाहिला होता.

जुन्या विटांच्या इमारतीत त्या वस्तीतल्या लोकांनी चालवलेलं कलादालन होतं. आत शिरताना मला फारशी अपेक्षा नव्हती. चित्रांतलं मला कळत नाही, असं मी कायम अभिमानाने सांगत आलो आहे. भिंतीवर माणसंच माणसं होती. चर्चच्या टोप्या घातलेल्या बायका, जिन्यावर बसलेली पोरं, इस्त्रीच्या टेबलामागे उभी असलेली एक आजी, न्हाव्याच्या खुर्चीत मान मागे टाकलेला म्हातारा. सगळी काळी माणसं, सगळी ब्लॅक चित्रकारांनी काढलेली, काही चित्रं खूप जुनी, काही परवाची. आणि त्यातला एकही काळा दुसऱ्या काळ्यासारखा नव्हता. त्या म्हाताऱ्याच्या जबड्याखाली जांभळा होता. आजीच्या कपाळावर आभाळाचा निळा उतरला होता, कानाच्या पाळीत लाल होता. एका मुलाच्या मानेवर तर हिरवा होता, आणि तो हिरवा नसता तर ती मान खोटी वाटली असती, हे माझ्यासारख्यालाही समजलं.

मला काय वाटलं ते माझ्या धंद्याच्या भाषेतच सांगता येईल. सीटी स्कॅन बघताना आम्ही पडद्यावर विंडो लावतो, म्हणजे कुठल्या छटा उजळ आणि कुठल्या गडद दाखवायच्या ते ठरवतो. हाडांची वेगळी, फुप्फुसांची वेगळी. चुकीची विंडो लावली की फुप्फुस म्हणजे नुसता काळा खड्डा दिसतो, आत काही नाहीच जणू. विंडो बदलली की त्याच खड्ड्यात बारीक बारीक फांद्या दिसतात, वाहिन्या दिसतात, सगळं असतं तिथे. फुप्फुस रिकामं नसतं, आपली विंडो चुकलेली असते. माझी सगळी नोकरी हे शिकाऊ डॉक्टरांना सांगण्यात गेली. त्या दालनात मला दिसत होतं की या लोकांनी पिढ्यान् पिढ्या बसून विंडो बदलली होती. कुणी ब्रशने, कुणी कॅमेऱ्याने, कुणी डार्करूममध्ये प्रिंट काढताना. जगाने ज्यांना काळा ठिपका म्हणून सोडून दिलं होतं, त्यांच्या तोंडावर किती रंग असतात ते त्यांनी शोधून काढलं आणि सगळ्यांना दाखवलं. मी सहकाऱ्याला एवढंच म्हणालो, "हे चांगलंय." तो म्हणाला, "रिपोर्टमध्ये एवढंच लिहिणार?"

इस्त्रीवाल्या आजीचं चित्र काढणारी बाई तिथेच होती. साठीच्या आसपासची, केस पिकलेले, चष्मा कपाळावर चढवलेला, तिच्या चित्रांची नावाजलेल्या संग्रहालयांत ये-जा असलेली. सहकारी आणि ती एकाच गल्लीत वाढलेले. त्याने माझी ओळख करून दिली आणि मी, काही न ठरवता, खिशातला फोन काढून घरच्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो तिच्यापुढे धरला. म्हटलं, ही माझी बायको, ही अशी नव्हती, तुम्ही हिला काढाल का. असं काही मागण्याची माझी हयातीत ही पहिली वेळ असेल.

तिने फोटो बघून फोन मला परत दिला. "यावरून नाही येणार," ती म्हणाली. "नाक-डोळे मिळतील, पण ही बाई इथे नाहीच. हिचा रंग कुणाकडे आहे?" मला प्रश्न कळला नाही. "रंग घराण्यात फिरतो," ती म्हणाली. "मुलं, भावंडं. कुणीतरी जिवंत माणूस आणा. मी माणसासमोर बसल्याशिवाय रंग कालवत नाही."

मुलगा माझ्यावर गेलेला. राहिली ती एडिसनला राहणारी मेहुणी, बायकोची धाकटी बहीण. दोघींचा रंग एक, आवाज एक, चिडणं एक. मी फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे भाऊजी, माझा रंग हवाय म्हणून कुणी तिकीट काढून बोलावतंय? लग्नाच्या वेळी तर याच रंगापायी लोक चहा पिऊन निघून जायचे." मी म्हटलं, "येतेस का नाही ते बोल." ती म्हणाली, "येते. काय नेसू?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, याचं मलाच नवल वाटलं. बायकोच्या कपाटात झेंडूच्या फुलाच्या रंगाची एक रेशमी साडी होती. एडिसनला गेलो असताना ओक ट्री रोडवरच्या दुकानात दोघी बहिणींनी ती हौसेने घेतली, घरी आणल्यावर बायकोने आरशासमोर खांद्यावर धरली, आणि "छे, माझ्या रंगाला भडक दिसते" म्हणून घडी घालून ठेवली. ती घडी तशीच होती. एरवी ती सगळं आयुष्य फिकट गुलाबी, बदामी, राखाडी असल्या रंगांत वावरली. दाराशी उभी राहिली तर दार कुठलं आणि ही कुठली ते कळू नये, असे रंग.

ठरलेल्या दिवशी मेहुणी पाहुण्यांच्या खोलीतून तयार होऊन आली. साडी छान नेसली होती. पण तोंडाला तिने फाउंडेशन, वर कॉम्पॅक्ट, वर आणखी काहीतरी असं सगळं यथासांग लावलं होतं, आणि मान व तोंड दोन वेगळ्या माणसांची दिसत होती. चित्र काढायला बसायचं म्हणजे बायका नीट तयार होऊन बसतात, एवढंच तिच्या डोक्यात. माझ्याही डोक्यात त्याहून वेगळं आलं नाही. रंग दाखवायला निघालेली बाई रंग झाकून गाडीत बसली, आणि गाडी मी चालवत होतो.

चित्रकार बाईचा स्टुडिओ जुन्या दुकानाच्या गाळ्यात होता. एका भिंतीवर तिच्या काकांनी काढलेले फोटो होते. काकांचा त्याच वस्तीत फोटो स्टुडिओ होता. नवरे-नवऱ्या, वर्दीतले सैनिक, पदवीचा झगा घातलेल्या मुली, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ वाचता येत होते. लोक लांबून त्यांच्याकडे यायचे, ती म्हणाली, कारण ते दिवा कुठे ठेवायचा हे जाणत होते, आणि कुणालाही धुऊन पांढरं करत नव्हते. रंगांचं पहिलं शिक्षण तिला काळ्यापांढऱ्या फोटोंनी दिलं होतं. टेबलावर नळ्या मांडलेल्या होत्या. निळी, तांबूस तपकिरी, गडद लाल, पिवळी. काळी नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "नळीतला काळा मी घेत नाही. त्यात कुणीच राहत नाही."

मग तिने मेहुणीला खिडकीपाशी बसवलं, जवळ येऊन चेहरा पाहिला, आणि शांतपणे म्हणाली, "मागे बेसिन आहे. तोंड धुऊन याल का?"

मेहुणी तशीच बसून राहिली. मला वाटलं आता ही उठून चालू लागणार, स्वभाव मला ठाऊक आहे. ती माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "भाऊजी, आजवर मला सगळ्यांनी तोंडाला काहीतरी लावून ये असंच सांगितलंय. आईने सांगितलं, सासूने सांगितलं. धुऊन ये असं कुणी म्हणालं नव्हतं." मग ती उठली. बेसिनचा नळ बराच वेळ वाहत होता. परत आली तेव्हा पदराने तोंड पुसत होती, कपाळावरचे केस ओले होते, आणि डोळे लाल होते ते साबणाने असं आम्ही तिघे धरून चाललो.

चित्रकार बाईने रंग कालवायला घेतला. जाड कागदाच्या पट्टीवर थोडा रंग लावायची, पट्टी मेहुणीच्या गालाजवळ धरायची, मान हलवायची, पुन्हा कालवायची. गालाचा वेगळा, डोळ्याखालचा वेगळा, ओठाच्या कडेचा वेगळा. पिवळ्या साडीचा उजेड हनुवटीखाली पडला होता, तोही तिने पट्टीवर घेतला. मधेच मला म्हणाली, "आता तुम्ही सांगा. तुमची बायको इथे यांच्यासारखीच होती, की कुठे वेगळी?" मी म्हणालो, मानेवर जरा जास्त गडद. डाव्या डोळ्याखाली तांबूस. मी बोलत गेलो आणि मला कळलं की मला हे सगळं माहीत आहे. इतके महिने मी तिला एकदम अख्खी आठवायला बघत होतो.

चित्र वर्षश्राद्धाच्या थोडं आधी घरी आलं. सहकाऱ्याने ते स्वतःच्या गाडीतून, मागच्या सीटला पट्ट्याने बांधून आणलं. नाक थोडं मेहुणीचं झालं आहे. कानातली कुडी बायकोची नाही. पण ती झेंडूच्या रंगाची साडी नेसून बसली आहे, आणि त्या पिवळ्यापुढे तिचा काळा असा काही भरून दिसतो की घरातल्या आरशाने तिला काय सांगितलं असेल कोण जाणे. मला त्या आरशाचा रागच आला.

वर्षश्राद्धाला आमचे गुरुजी आले. ते आठवडाभर कुठल्याशा कंपनीचे डेटाबेस सांभाळतात आणि शनिवार-रविवारी आमच्या पितरांना. त्यांनी चित्राकडे बघून विचारलं, "काका, फोटो नाही का?" मी म्हटलं, हाच. ते जरा घोटाळले, पण हार घालायला कुठेतरी खिळा लागतो, तो होता. मुलगा सकाळीच पोचला होता. तो चित्रासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "बाबा, नाइस आहे, पण जरा डार्क नाही का झालं?" मेहुणी तेवढ्यात स्वयंपाकघरातून आली. तीच साडी, तोंड नुसतं धुतलेलं. तिने भाच्याकडे पाहिलं फक्त.

जेवणं झाल्यावर त्याने सगळ्यांना चित्राखाली उभं केलं आणि फोन टेकवून फोटो काढला. मेहुणीने फोन हातात घेऊन पाहिला. "अरे, मला अशी धुतल्यासारखी का केलीस? आणि ताईला पण?"

"मावशी, मी काही नाही केलं ग. ऑटोमॅटिक करतो तो."

"मग त्याचं ऑटोमॅटिक बंद कर. नीट काढ."

मुलगा सेटिंगमध्ये शिरला. एक बंद केलं, दुसरं बंद केलं, पडदा ओढला, पुन्हा काढला, पुन्हा पाहिला. आम्ही आपले ताटकळत उभे. शेवटी त्याने एक फोटो काढला आणि बघताना त्याचे हात थांबले. आम्ही सगळे जरा काळवंडलो होतो. मागे भिंतीवर ती बरोबर आली होती. त्याने बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "आईच आहे." सोफ्यामागे टेकवून ठेवलेला आधीचा फोटो त्याने स्वतःच उचलला आणि वरच्या खोलीत नेऊन ठेवला.

पाहुणे पांगले. दुपारचं ऊन जमिनीवर आलं होतं. मी खुर्चीत बसलो, चित्राकडे पाठ करून, मुद्दामच. चित्र बघून तिला आठवायचं नव्हतं. डोळे मिटले. थोडा वेळ नुसता अंधार होता, तो मला सवयीचा आहे. मग ती आली. काळी, कपाळावर घाम, बदामी साडीचा पदर कमरेला खोचलेला. हसत वगैरे नव्हती. माझ्या शर्टवर जेवताना वरण सांडलं होतं, त्या डागाकडे बघत होती.